माळावरील वेडी बाभूळ व लोपणारें गवत

भीमथडीचा आमचा मुलूख हल्लीं उंसाचा म्हणून ओळखला जातो. परंतु मांडवगण फराट्याच्या दोन्ही अंगांस, शिरूर व दौंड तालुक्यांत, कालव्याचें पाणी जेथें पोंचलें नाहीं तेथें माळ अद्यापि शिल्लक आहेत. या कोरड्या प्रदेशाचें मूळचें रान गवताचेंच होय. पवन्या, कुसळी, मारवेल हीं गवतें, मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, खैर, आणि त्यांच्या आश्रयास ससा, चिंकारा, लांडगा, तित्तिर, चंडोल असा हा संसार.

महसुलाच्या दप्तरांत मात्र अशा जमिनीस 'पडीक' किंवा 'पोटखराबा' म्हणतात. प्रस्तुत लेखकानें तीं नांवें वर्षानुवर्षें स्वतःच्या हातानें लिहिलीं. तेव्हां त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. परंतु कागदावर जें पडीक ठरलें त्यावर वाटेल तें लावण्यास कोणाची हरकत उरत नाहीं.

वेडी बाभूळ मूळची अमेरिकाखंडांतील. १८७७ च्या सुमारास तिचें बीं हिंदुस्थानांत आलें. जळण मिळावें, उजाड रान हिरवें दिसावें हा हेतु होता, आणि तो सिद्धीस गेलाही. हिची शेंग गोड. शेळ्यामेंढ्या ती आवडीनें खातात. बीं पचत नाहीं. पोटांतील रसांनीं कवच मऊ होऊन तें लेंड्यांतून बाहेर पडतें व अधिकच लवकर रुजतें. म्हणजे पेरणारे व खत घालणारे आमचेच कळप! कुऱ्हाड लावली तर बुडखा पुन्हां फुटून एका खोडाच्या जागीं चार उठतात.

तिच्या दाट जाळीखालीं गवत टिकत नाहीं. गवत गेलें कीं त्यावरील टोळ व किडे जातात, मागोमाग चंडोल. चिंकारा दूरवर दृष्टि ठेवून जगणारा प्राणी. त्याच्यासाठीं १९९७ सालीं बारामती तालुक्यांतील सुपें येथें मयूरेश्वर अभयारण्य झालें. नान्नजचें अभयारण्य १९७९ चें, माळढोकासाठीं. त्या पक्ष्यास झाडी नको, मोकळें गवत हवें.

हीच एक परकी वनस्पति आहे असें नव्हे. शोभेसाठीं आणलेली टणटणी सह्याद्रीच्या वनांत शिरली आहे. तिचीं काळीं फळें खाऊन पांखरेंच बीं पसरवितात. गाजरगवत १९५५ सालीं पुण्यांत प्रथम दिसलें. पुणें शहराचें सांडपाणी घेऊन मुळामुठा रांजणगांव सांडस येथें भीमेस मिळते, व त्या आयत्या खतावर जलपर्णी माजते.

तरीही एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. ज्या घरीं गॅसची टाकी परवडत नाहीं तेथें चूल याच काटक्यांवर पेटते, आणि कोळसा पाडणाऱ्याचें पोटही हिच्यावरच आहे. सबब सरसकट उपटा, असें सांगणें रास्त होणार नाहीं. दाट जाळी जळणास राहूं द्यावी. गायरानाच्या ज्या कोपऱ्यांत झाड तुरळक आहे व गवत अजून उभें आहे तेथून आरंभ करावा. शेंगा पिकण्यापूर्वीं, जमिनींत ओल असतां, मुळाचा वरचा गड्डा खणून काढावा. नुसती छाटणी व्यर्थ जाते. मोकळ्या झालेल्या जागीं त्याच माळावरचें मारवेल व पवन्याचें बीं टाकावें आणि दोन पावसाळे गुरें आंत सोडूं नयेत.

ग्रामसभेंत गायरानावर झाडें लावण्याचा ठराव येईल तेव्हां सभासदांनीं मत देण्याआधीं माळ पायीं पाहून यावा. ही पाहणी भाद्रपदाअखेर करावी. त्या वेळीं कुसळी फुलावर येते व नवख्यासही ओळखतां येते.