प्रभाकर कंदील

बोईसर स्टेशनावरून तारापूरकडे निघाले म्हणजे विजेच्या तारांचे उंच मनोरे दिसू लागतात. तेथील अणुवीज १९६९ पासून महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांस मिळत आली आहे. परंतु वीज घरोघर येण्यापूर्वी पालघरास आमच्या ओटीवर टांगलेला असे तो प्रभाकर कंदील.

१९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला. ती वस्ती पुढे ओगलेवाडी झाली व तेथील कंदील महाराष्ट्रभर पोहोचला. घडण मूळची अमेरिकन. दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्यांतून ज्योतीस हवा मिळते, म्हणून समुद्रकाठच्या वाऱ्यातही तो सहसा विझत नसे. आमच्या मते खरे कौशल्य मात्र काचेचे! पत्रा कोणीही वाकवील. आत ज्योत व बाहेर पावसाचे थेंब सोसणारी पातळ काच करणे सोपे नव्हे.

सायंकाळी ती राखेने पुसण्याचे काम मुलांचे, कारण मोठ्यांचा हात आत जात नसे. ती फुटली की नवी येईपर्यंत समईवर भागे. फोडणाऱ्याचे नाव मात्र आजी कोणास सांगत नसे. तो कंदील अद्याप आमच्या माळ्यावर आहे. त्यास काच नाही.