पीएचपी भाषेचे वापरकर्तानिहाय संरूपण

पीएचपी भाषेचे वापरकर्तानिहाय संरूपण : एकाच सर्व्हरवरील अनेक संकेतस्थळधारकांपैकी प्रत्येकाला पीएचपी या आज्ञालेखन भाषेतील काही मूल्ये स्वतःपुरती ठरविता यावीत, यासाठीची व्यवस्था. ही भाषा रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली.

पीएचपीची मुख्य संरूपण धारिका सामान्यतः सेवादात्याच्या ताब्यात असते. तथापि नांदेडच्या छापखान्याचे आणि लातूरच्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ एकाच यंत्रावर असले, तरी त्यांच्या गरजा एक नसतात. कालविभाग न दिल्यास पीएचपी जागतिक समन्वित वेळ धरते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे मध्यरात्री बंद व्हावयाचा प्रवेशअर्ज दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपर्यंत उघडा राहतो आणि पहाटे दोनला आलेल्या अर्जावर आदल्या दिवसाची तारीख पडते. गुणवत्ता यादीच्या वादात ही बाब क्षुल्लक नव्हे. गुणपत्रिकेच्या छायाचित्राचेही तसेच : धारिकेची मूळ मर्यादा २ मेगाबाइट, तर संपूर्ण अर्जाची ८ मेगाबाइट असते. पहिली वाढवून दुसरी तशीच ठेवल्यास मोठा अर्ज आज्ञावलीकडे कोराच पोहोचतो.

पीएचपी अपॅचे सर्व्हरचा घटक म्हणून चालत असेल, तर अशी मूल्ये ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ धारिकेत देता येतात. सीजीआय पद्धतीत मात्र त्याच ओळींमुळे संकेतस्थळच बंद पडते. म्हणून ५.३ आवृत्तीत (२००९) सीजीआय व फास्टसीजीआय पद्धतींसाठी ‘डॉट यूझर डॉट आयएनआय’ ही धारिका आली. आज्ञावलीच्या निर्देशिकेपासून संकेतस्थळाच्या मूळ निर्देशिकेपर्यंत तिचा शोध घेतला जातो. ती सामान्यतः ३०० सेकंदांनीच पुन्हा वाचली जात असल्याने केलेला बदल लगेच दिसत नाही. अननुभवी माणूस या पाच मिनिटांत तीच ओळ अनेकदा बदलतो.

सर्वच मूल्ये येथे बदलता येत नाहीत. धोकादायक फलने बंद ठेवण्याचा अधिकार मुख्य धारिकेकडेच राहतो. प्रत्येक आज्ञावलीपूर्वी विशिष्ट धारिका चालविण्याची सूचना मात्र येथे देता येते. त्यामुळे परक्याला अशी धारिका चढविता आली, तर संकेतस्थळ त्याच्या हाती जाते. पीएचपी-एफपीएम पद्धतीत (५.३.३ आवृत्तीपासून, २०१०) प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रक्रिया त्याच्याच नावाने वेगळ्या चालविता येतात व प्रशासकाने बांधलेली मूल्ये वापरकर्त्याला ओलांडता येत नाहीत.