लिंक तुमच्या दुकानाची, गिऱ्हाईक भलत्याच दारात

आज थोडा तांत्रिक विषय आहे, पण घाबरू नका, दुकानदाराच्या भाषेतच बोलू.

समजा तुमचं मसाल्यांचं ऑनलाइन दुकान आहे. ग्राहक कार्टमध्ये सामान टाकतो, साइट म्हणते आधी लॉगिन करा. लॉगिन झालं की त्याला परत कार्टवर सोडायचं असतं. म्हणून लॉगिनच्या लिंकच्या शेपटीला एक चिठ्ठी जोडलेली असते, 'नंतर कुठे जायचं' याची. तिथे बहुधा 'नेक्स्ट' किंवा 'रिटर्न यूआरएल' असं काहीतरी दिसतं. या पाठवणीला रीडायरेक्ट म्हणतात.

गडबड इथेच होते. ती चिठ्ठी उघडी असते, कोणीही बदलू शकतो. साइट ती न तपासता पाळत असेल, तर भामटा कार्टच्या जागी स्वतःचा पत्ता घालतो आणि लिंक 'दिवाळी ऑफर' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवतो. लिंकची सुरुवात तुमच्याच नावाची. ग्राहक तुमच्या खऱ्या पानावर लॉगिन करतो आणि पुढच्या क्षणी हुबेहूब तशाच खोट्या पानावर पोहोचतो. 'पासवर्ड चुकला, पुन्हा टाका.' तो टाकतो. संपलं! तुमच्या सर्व्हरमधून काहीच चोरीला गेलेलं नसतं, पण बोंब तुमच्या नावाने होते.

याचं नाव ओपन रीडायरेक्ट. ओवॅस्प या संस्थेच्या 2013 च्या टॉप टेन धोक्यांत हा दहावा होता, 2017 च्या यादीत तो नाही. त्यामुळे एखादा डेव्हलपर 'जुनं झालं हो ते' म्हणेल. मला हे पटत नाही. यादीतून गेला म्हणून साइटवरून जात नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. लॉगिनच्या पानावर पत्त्यात 'नेक्स्ट'सारखा शब्द दिसला, तर त्यापुढचा भाग खोडून एचटीटीपीएससकट गूगलचा पत्ता टाका आणि लॉगिन करा. गूगल उघडलं तर तुमचं दार उघडं आहे. (हे फक्त स्वतःच्या साइटवर करायचं हं!)

डेव्हलपरला सांगा, चिठ्ठीत पत्ता नकोच, 1 म्हणजे कार्ट, 2 म्हणजे ऑर्डर असे आकडे ठेव. ते जमत नसेल तर परवानगीच्या पत्त्यांची पक्की यादी हवी. 'पत्ता आपल्या नावाने सुरू होतो ना' एवढंच बघणं पुरत नाही. 'माझंदुकान डॉट कॉम डॉट भामटा डॉट कॉम' हाही तुमच्याच नावाने सुरू होतो, पण डोमेनचा मालक शेवटून ओळखायचा असतो. वर्डप्रेसवर असाल तर 'डब्ल्यूपी सेफ रीडायरेक्ट' हे फंक्शन तयारच आहे, ते वापरलंय का एवढंच विचारा.

आणि साइटचा शेवटचा हप्ता देण्याआधी ही चाचणी डेव्हलपरला शेजारी बसवून करा.