फाइल मागे घेतली, पण...
१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने धाडलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बंद पडली. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली खरी. परंतु कंपनीची सुरक्षा-आज्ञावली हा पहारेकरी प्रणालीच्या गाभ्यात, इतर कारभार सुरू होण्यापूर्वीच, हजर होत असल्यामुळे, माघारीचा हुकूम पोहोचण्याइतका वेळ बहुतेक यंत्रे जागीच राहात नव्हती. तेव्हा यंत्र ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे केवळ अत्यावश्यक आज्ञावलींनिशी, सुरू करून ती फाइल स्वहस्ते काढणे भाग पडले, आणि डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्धीकरण-सुविधेने कुलूपबंद असल्यास आधी ४८ अंकी किल्ली शोधणे आले, जी काही ठिकाणी (दूरदृष्टीचा हा नमुना पाहावा!) बंद पडलेल्या सर्व्हरवरच जतन केलेली होती.