खिदिरपूरचा घाट : स्थलांतराच्या काही संकल्पना

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला खिदिरपूर हे नाव ठाऊक असते ते बहुधा कवींमुळे. मायकेल मधुसूदन दत्त, रंगलाल बंद्योपाध्याय आणि हेमचंद्र बंद्योपाध्याय या तिघांचेही वास्तव्य कलकत्त्याच्या नैर्ऋत्येकडील या वस्तीत होते. मधुसूदनांचे वडील राजनारायण दत्त सदर दिवाणी अदालतीत वकिली करीत आणि त्या निमित्ताने जेसोर जिल्ह्यातील सागरदाडी सोडून ते येथे राहावयास आले होते. म्हणजे आधुनिक बंगाली काव्याशी निगडित असलेले हे घरही एका स्थलांतरिताचेच. तथापि खिदिरपूर आणि त्याला लागून असलेले गार्डन रीच व मटियाबुर्ज हा हुगळीचा काठ लोकसंख्येच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो तो निराळ्या कारणाने. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजुरांना परदेशी धाडण्यापूर्वी ज्या आवारांत ठेवीत, ते ‘डेपो’ याच काठावर होते. प्रस्तुत लेखात या घाटाच्या आधारे स्थलांतरविषयक काही मूलभूत संकल्पनांचा परिचय करून द्यावयाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला या संज्ञांची गरज आहेच. परंतु त्या काय मोजतात याइतकेच, काय मोजत नाहीत हेही त्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

लोकसंख्येतील बदलाचे मूळ समीकरण अगदी साधे आहे. एखाद्या प्रदेशाच्या लोकसंख्येत जन्मांची भर पडते, मृत्यूंची वजावट होते. बाहेरून आलेल्यांची भर पडते, बाहेर गेलेल्यांची वजावट होते. जन्म आणि मृत्यू यांतील फरकाला नैसर्गिक वाढ म्हणतात. आगमन आणि बहिर्गमन यांतील फरकाला निव्वळ स्थलांतर. पहिली बाजू उणावली आणि दुसरीनेही हात दिला नाही, तर भरभराटीचे महानगरसुद्धा आकुंचन पावते. २००१ च्या जनगणनेत कोलकाता जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४५.७ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे ४५ लाखांवर आली. समीकरणात चूक काढण्यासारखे काही नाही. परंतु जो मनुष्य सारणहून येतो, काही आठवडे डेपोत काढतो आणि जहाजावर चढतो, तो या समीकरणात खिदिरपूरच्या कोणत्या रकान्यात बसतो? तो आला आणि गेला, बेरीज शून्य. एका संपूर्ण समुद्रपार समाजाची पूर्वकथा या शून्यात दडलेली आहे.

ही संख्या लहान नव्हती. १८३४ ते १९१० या काळात एकट्या मॉरिशसला गेलेल्या भारतीय मजुरांची संख्या साडेचार लाखांच्या घरात जाते. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याहून निघाले. (मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठीभाषकही होते आणि त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये आपली मराठी म्हणून ओळख सांगतात.) १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजे ब्रिटिश गयानाला गेली. फिजीला १८७९ ते १९१६ या काळात गेलेल्या सुमारे साठ हजारांपैकी पंचेचाळीस हजारांच्या आसपास लोक कलकत्त्याहून निघाले, तर १८७३ पासून सुरिनामला गेलेले सुमारे चौतीस हजार येथूनच. सुरिनामला गेलेल्या पहिल्या जहाजाचे नाव होते ‘लल्ला रूख’. थॉमस मूरच्या काव्यातील मोगल राजकन्या विवाहासाठी दिल्लीहून काश्मीरला जाते. तिच्या नावाच्या जहाजातून ३९९ मजूर त्या वर्षी ५ जून रोजी पारामारिबोला उतरले. नावे ठेवणाऱ्यांना यातील उपरोध जाणवला असेल असे वाटत नाही.

दुसरी संकल्पना मूलस्थानाची. स्थलांतरित कोण, हे ठरविण्यासाठी भारतीय जनगणनेने प्रथम जन्मस्थानाचा आधार घेतला. १९७१ पासून ‘पूर्वीचे राहण्याचे ठिकाण’ हा प्रश्न आला आणि १९८१ पासून स्थलांतराचे कारणही विचारले जाऊ लागले. हा भेद केवळ कारकुनी नाही. नाताळसारख्या वसाहतीत उत्तरेकडून आलेल्या मजुरांना ‘कलकतिया’ म्हणत, दक्षिणेकडून आलेल्यांना ‘मद्रासी’. यांतील बहुतेक ‘कलकतियां’नी कलकत्ता पाहिले ते डेपोच्या भिंतीआडून, त्यांची गावे शाहाबाद, सारण, गोरखपूर, बस्ती या जिल्ह्यांत होती. ज्या बंदरातून मनुष्य निघाला, ते त्याचे मूळ ठरले. मराठी वाचकाची फसगत होईल असे आणखी एक नाव येथे नोंदविले पाहिजे. मॉरिशसला गेलेल्या पहिल्या मजुरांचा उल्लेख कागदपत्रांत ‘धांगर’ असा येतो. आपल्या धनगरांशी त्यांचा काही संबंध नाही. छोटा नागपूरच्या पठारावरील उराँव आदी आदिवासींना बंगालमध्ये त्या नावाने ओळखीत.

स्थलांतर का घडते, या प्रश्नाचे परिचित उत्तर ‘रेटा आणि ओढ’ हे आहे. रेव्हनस्टाइनने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले; बहुतेक माणसे थोड्या अंतरावरच जातात, हा त्यांतील एक. एव्हरेट ली याने १९६६ मध्ये मूलस्थान, गंतव्यस्थान, मधले अडथळे आणि वैयक्तिक घटक अशी चौकट दिली. या चौकटीची मर्यादा मटियाबुर्जला जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. अवधचे राज्य खालसा झाल्यावर नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये येथे आला आणि १८८७ मध्ये येथेच मरण पावला. त्याच्याभोवती लखनौचे गवई, नर्तक, आचारी, पतंगबाज यांची वस्ती जमली. ‘गुजिश्ता लखनौ’चा लेखक अब्दुल हलीम शरर याचे बालपण याच वस्तीत गेले. त्याच काळात त्याच अवधचे शेतकरी जवळच्याच डेपोंतून समुद्रापलीकडे जात होते. राजाही रेट्याने आला, प्रजाही रेट्यानेच गेली. पण ‘रेटा’ हा एकच शब्द दोघांना लावल्याने कितीसे कळते?

शिवाय लीच्या चौकटीत अडथळ्यांना जागा आहे, परंतु वाट दाखविण्याचा धंदा करणाऱ्याला ठळक जागा नाही. हा मनुष्य म्हणजे आरकाटी, मजूरभरतीचा दलाल. बाजारात, धर्मशाळेत, तीर्थाच्या वाटेवर तो माणसे हेरी. मजूर काय समजून निघाले आणि त्यांना खरोखर काय सांगितले गेले, हा करारपद्धतीवरील सर्व वादाचा गाभा आहे. बंगाल सरकारसाठी १८८३ मध्ये या भरतीची चौकशी करून अहवाल लिहिणारा अधिकारी जॉर्ज ग्रियर्सन होता, हे भाषाभ्यासकांनी विसरू नये. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणामुळे आपण त्याला ओळखतो. बिहारी बोली आणि लोकगीते तो जेथे टिपीत होता, त्याच प्रदेशातून माणसे निघून जात होती.

स्थलांतर निवडक असते, हे तिसरे सूत्र. ते वय निवडते, लिंग निवडते. वसाहतींकडे जाणाऱ्या जहाजांवर दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात असा सरकारी दंडक होता. तेवढ्या मिळविण्यासाठीच दलालांची धावपळ चाले. देशांतर्गत स्थलांतराला असा दंडक नव्हता. १८९२ मध्ये खिदिरपूरची गोदी सुरू झाली, ज्यूटच्या गिरण्या वाढल्या आणि बिहार व संयुक्त प्रांतातून पुरुष येत राहिले. १९०१ मध्ये कलकत्त्यात स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास होती. त्याच वेळी सारणमध्ये ती पुरुषांहून बरीच अधिक होती. एकाच जमाखर्चाची ही दोन पाने. मुंबई आणि रत्नागिरी यांचे नाते ज्याला माहीत आहे, त्याला हे समजावून सांगावे लागू नये. २०११ मध्येही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेंहून अधिक स्त्रिया होत्या.

जमाखर्चाचे दुसरे पान साहित्याने लिहिले. सारण जिल्ह्यातील भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) स्वतः कमाईसाठी खरगपूरला जाऊन आले होते. त्यांच्या ‘बिदेसिया’त नवरा कलकत्त्याला जातो, तेथे दुसरी स्त्री ठेवतो आणि गावी राहिलेली बायको एका बटोहीकरवी निरोप धाडते. समाजशास्त्रज्ञ ज्याला माहितीची साखळी म्हणतात, ते काम येथे वाटसरू करतो. आणखी एक गोष्ट म्हणजे नाटकाच्या केंद्रस्थानी जो हलला तो नसून जी हलली नाही ती आहे. नवऱ्याच्या या स्थलांतराच्या नोंदीत तिला जागा नाही.

करारपद्धतीविरुद्धच्या लढ्यात एक मराठी नाव ठळक आहे. नाताळसाठी होणारी भरती बंद करण्याचा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडला आणि तो स्वीकारला गेला. संपूर्ण पद्धतीच रद्द करावी हा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र सरकारी बहुमताने फेटाळला गेला. १९१७ मध्ये भरती थांबली. तोवर गोखले हयात नव्हते.

आता उरते परतीचे स्थलांतर, आणि माझ्या मते हीच सर्वांत दुर्लक्षित संकल्पना आहे. सुरिनामला गेलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश परतले. कोष्टकात परतलेला मनुष्य जाणाऱ्यांतून वजा होतो आणि हिशेब मिटतो. प्रत्यक्षात काय झाले? समुद्र ओलांडलेल्याला कित्येक गावांनी जातीबाहेर ठेवले. वसाहतीत जन्मलेल्या मुलांना ‘परत येणे’ या शब्दाला अर्थच नव्हता. १९२० च्या दशकात फिजी, गयाना, त्रिनिदाद, नाताळ येथून परतलेली शेकडो कुटुंबे मटियाबुर्जच्या झोपड्यांत अडकून पडली होती आणि जेथून आलो तेथेच परत पाठवा, अशी विनवणी करीत होती. भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ च्या आपल्या अहवालात त्यांच्या दैन्याची नोंद केली. ज्या घाटावरून ते गेले, त्याच घाटाशी ते थांबले होते. गावापर्यंतची उरलेली वाट त्यांना बंद झाली होती.

या घाटाला आज सुरिनाम घाट म्हणतात. २०१५ मध्ये तेथे ‘माई-बाप’ हे स्मारक उभे राहिले. पारामारिबोतील पुतळ्याची ती प्रतिकृती आहे. सुरिनाम, फिजी, गयाना येथून वंशज येतात. त्यांच्या हाती बहुधा पणजोबांच्या परवान्याची नक्कल असते. नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, ठाणे, गाव असे त्यावरील रकाने. भोजपुरी व अवधी उच्चारातली गावांची नावे कारकुनांनी इंग्रजीत जशी ऐकू आली तशी लिहिली आहेत. एकाच अक्षरसमूहाची तीन-तीन गावे निघतात आणि कित्येकदा तीनही गावांत आता ते कुळ कोणाला आठवत नाही. शोधणारा जी बोली बोलतो ती सरनामी, फिजीची बात किंवा गयानातील उरलीसुरली भोजपुरी. डेपोत, जहाजावर आणि मळ्यावर अनेक जिल्ह्यांच्या बोली एकमेकींत मिसळून ती घडली. त्यामुळे तिच्यावरूनही एक गाव सापडत नाही.