विश्लेषण : आरव्हीने थेट आर्क्टिक महासागरापर्यंत! पण हा रस्ता डांबरी का नाही?

झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली आरव्ही घेऊन आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत जाता येते. कॅनडातील डेम्पस्टर हायवे तिकडेच नेतो. पण निघण्यापूर्वी काही गोष्टी माहीत हव्यात.

हा मार्ग कुठून कुठे जातो?
यूकॉनमधील डॉसन सिटीजवळून सुरू होणारा हा रस्ता सुमारे ७४० किमीवरील इनुविकला पोहोचतो. तो १९७९ मध्ये खुला झाला. इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा सुमारे १४० किमीचा बारमाही रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. त्याआधी तिथे हिवाळ्यात बर्फावरूनच गाड्या जात.

खडीचाच रस्ता का?
खालची जमीन वर्षभर गोठलेली असते. तिच्यातला बर्फ वितळला की रस्ता खचतो. म्हणून खडीचा जाड थर टाकून तिला उष्णतेपासून वाचवले आहे. काळे डांबर ऊन शोषते. खडीचा रस्ता खचला तरी ग्रेडर फिरवून सपाट करता येतो.

धोका कुठे आहे?
वाटेतला पहिला पंप ईगल प्लेन्सला, सुमारे ३७० किमीवर. त्यामुळे टाकी भरूनच निघा. धारदार खडीने टायर फाटतात, दोन स्टेपनी ठेवा. बहुतेक वाटेवर मोबाइलला रेंज नसते.

नद्या कशा ओलांडायच्या?
पील आणि मॅकेन्झी नद्यांवर या मार्गात पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून वाट. बर्फ धरताना आणि फुटताना काही आठवडे दोन्ही बंद!

आरव्ही भाड्याची असेल तर?
करार नीट वाचा. खडीच्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई असेल, तर नुकसानीचा खर्च तुमच्याच खिशातून जाऊ शकतो.