शॉक लागला, हृदय थांबले. पुढची दहा मिनिटे कुणाची?

हरभरा-गव्हाच्या ओलिताचे दिवस आले की वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी हमखास दिसते. कृषिपंपाला वीज रात्रीची, शेतकरी ओल्या हातापायांनी स्टार्टरच्या पेटीशी जातो, शॉक लागतो आणि तो जागीच कोसळतो. पुढचे वाक्य ठरलेले असते: रुग्णालयात नेले असता डॉक्टरांनी मृत घोषित केले. कोसळणे आणि मृत घोषित होणे यांच्यामध्ये जो अर्धा-पाऊण तास जातो, त्याबद्दल बातमीत काही नसते. हृदय अचानक बंद पडण्यावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा मोठा भाग मात्र याच अर्ध्या तासाविषयी, आणि त्यातही पहिल्या दहा मिनिटांविषयी आहे.

विशेष म्हणजे या संशोधनाचे मूळही विजेच्या शॉकमध्येच आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत वीज कंपन्यांचे लाइनमन खांबांवर शॉक लागून मरत होते. कंपन्यांना त्याची चिंता लागली आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यावर अभ्यास सुरू झाला. त्यात पुढे आलेले विल्यम कोवेनहोवन हे डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते. वीज छातीतून गेली की हृदय बहुतेक वेळा एकदम गार पडत नाही, ते नुसते थरथरत राहते. त्याचा एकेक तंतू आपापल्या मर्जीने आकसतो, त्यामुळे रक्त पुढे ढकलले जात नाही. यालाच डॉक्टर फिब्रिलेशन म्हणतात. ही थरथर थांबवायला दुसरा, मोजून दिलेला शॉक उपयोगी पडतो, हेही तेव्हा माहीत होते. १९४७ साली क्लीव्हलँडमध्ये शल्यचिकित्सक क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका १४ वर्षांच्या मुलाचे हृदय असेच परत सुरू केले होते. पण त्यासाठी छाती उघडलेली असावी लागत होती.

कोवेनहोवन यांना हा शॉक छातीच्या बाहेरून द्यायचा होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर कुत्र्यांवर प्रयोग करत होता. शॉक देण्याआधी जड इलेक्ट्रोड छातीवर दाबले की रक्तदाब थोडा वर जातो, हे त्याच्या लक्षात आले. वीज अजून सोडलेलीच नव्हती, नुसत्या दाबाने रक्त फिरत होते. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांनी हे माणसांवर करून पाहिले आणि जुलै १९६० मध्ये तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. २० रुग्णांपैकी १४ वाचले होते. हा आकडा वाचून हुरळून जायला नको, कारण हे रुग्ण रुग्णालयात होते, डॉक्टर शेजारी उभे होते. रस्त्यावर किंवा शेतात कोसळलेल्यांचे हिशेब वेगळे असतात. पण हे काम कुणालाही, कुठेही, दोन हातांनी सुरू करता येते, ही गोष्ट त्या निबंधाने पक्की केली. आज आपण सीपीआर म्हणतो ते हेच.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे माणूस अचानक गेला की सरसकट ‘अटॅक आला’ म्हणतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, छातीत दुखते, घाम फुटतो, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो. त्याला लवकर रुग्णालयात न्यायचे असते. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाचे पंपिंगच थांबते, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, शॉक लागून होऊ शकतो, बुडून, विषबाधेनेही होऊ शकतो. अशा माणसाला गाडीत घालून पळणे म्हणजे मेंदूला रक्त न मिळता ती सगळी मिनिटे घालवणे. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. सीपीआर नाही, शॉक नाही, असे जाणारे प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी करते.

म्हणूनच अंतराचा प्रश्न आपल्याकडे जास्त बोचतो. अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला, त्याचे कौतुक आपण सर्वांनी केले. रस्ता खरोखर चांगला झाला. पण मूर्तिजापूरच्या एखाद्या शिवारात कोसळलेल्या माणसासाठी अकोल्याचे सर्वोपचार किंवा अमरावतीचे इर्विन कितीही चांगल्या रस्त्याने चार मिनिटांत येत नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या घाटांचे तर बोलायलाच नको. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ९३७ गाड्यांनी ती सुरू झाली, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. या सेवेने असंख्य बाळंतिणी आणि अपघातग्रस्त वाचवले. पण पहिल्या पाच मिनिटांत ती गाडी प्रत्येक बांधावर पोहोचेल, अशी अपेक्षा जगातल्या कुठल्याही रुग्णवाहिकेकडून करता येत नाही.

मग मोठमोठ्या चाचण्यांतून काय हाती लागले? औषधांच्या बाबतीत उत्तर थोडे निराश करणारे आहे. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे दिले जाते. ब्रिटनमध्ये आठ हजारांवर रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आला. महिनाभराने जिवंत असलेले रुग्ण ॲड्रिनॅलिन दिलेल्यांत ३.२ टक्के आणि न दिलेल्यांत २.४ टक्के. पण वाचलेल्यांत मेंदूची गंभीर इजा झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३१ आणि १७.८ टक्के निघाले. हृदय सुरू झाले, माणूस पूर्वीसारखा परतला नाही. शरीर ३३ अंशांपर्यंत थंड ठेवण्याच्या उपचाराचा २००२ नंतर मोठा बोलबाला होता, २०२१ च्या मोठ्या चाचणीत त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. ताप येऊ न देणे मात्र महत्त्वाचे राहिले. रक्त शरीराबाहेर फिरवणाऱ्या एक्मो यंत्राने मिनियापोलिसमध्ये मोजक्या रुग्णांत चमत्कार वाटावा असे निकाल दिले, नेदरलँड्समध्ये ते तसे आले नाहीत. कॅनडातल्या २०२२ च्या अभ्यासात मात्र चांगली बातमी होती: नेहमीच्या शॉकला दाद न देणाऱ्या हृदयांना दोन यंत्रांनी लागोपाठ शॉक दिला तेव्हा ३०.४ टक्के रुग्ण घरी गेले, नेहमीच्या पद्धतीने १३.३ टक्के.

माझ्या मते या सगळ्यांपेक्षा बोलका अभ्यास जुगाराच्या अड्ड्यांवरचा आहे. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सगळीकडे कॅमेरे असतात, माणूस कोसळलेला लगेच दिसतो. तिथल्या सुरक्षारक्षकांना स्वयंचलित शॉकयंत्र, म्हणजे एईडी, वापरायला शिकवले. २००० साली निकाल आला: ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला त्यांच्यातले ७४ टक्के वाचले, उशीर झालेल्यांतले ४९ टक्के. शॉक देणारे डॉक्टर नव्हते, साधे रखवालदार होते. डेन्मार्कने हेच देशभर केले. शाळेत आणि वाहन परवाना काढताना सीपीआर शिकवायला सुरुवात केली. २००१ ते २०१० या काळात आजूबाजूच्या लोकांनी सीपीआर देण्याचे प्रमाण २१ वरून सुमारे ४५ टक्क्यांवर गेले आणि महिनाभर जिवंत राहणारे ३.५ वरून १०.८ टक्के झाले.

आपल्याकडेही सामान्य माणसासाठी पद्धत सोपी केली गेली आहे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने फक्त छाती दाबावी, तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत पडू नये, असे सांगितले आहे. खांदे हलवून हाक मारा. प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा. माणसाला खाटेवर नव्हे, कडक जमिनीवर उताणे झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांत दम लागतो, तेव्हा दुसऱ्याने जागा घ्यायची. पाणी पाजणे, कांदा हुंगवणे, तळपाय चोळणे यात वेळ घालवू नका. आणि आचके फसवतात. हृदय थांबल्यावरही काही मिनिटे माणूस अधूनमधून घोरल्यासारखा श्वास ओढतो, लोक म्हणतात ‘जीव आहे, श्वास चालू आहे’, आणि हात आखडता घेतात. तो श्वास नव्हे.

शॉक लागलेल्याच्या बाबतीत आधी मुख्य स्विच किंवा फ्यूज काढा, वीज गेल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका. नाही तर एकाच्या जागी दोघे जातात. हा माणूस बहुधा तरुण असतो, त्याचे हृदय मुळात धडधाकट असते, म्हणून त्याच्या वाचण्याची आशा जास्त. मृगाच्या आधी वीज अंगावर पडलेल्यांचे थोडे वेगळे आहे. त्यात हृदय एकदम थांबून पुष्कळदा आपणहून सुरू होते, पण श्वास सुरू व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ते पुन्हा थांबते. तिथे ज्याला येतो त्याने तोंडाने श्वासही द्यावा. झाडाखाली चारजण पडलेले असतील तर कण्हणाऱ्याआधी निपचित पडलेल्याकडे जावे. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही, हात लावायला भीती नाही.

छाती दाबायचे हे तंत्र तास-दोन तासांत हाताला बसते. अमरावतीत तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी शंभर वर्षांवर जुनी संस्था आहे, जिथून शिकून गेलेले क्रीडाशिक्षक गावोगावी आहेत. अकोल्यात श्रावणातल्या कावडयात्रेला हजारो तरुण गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराला पायी येतात. प्रत्येक कावड मंडळात असे शिकलेले चारजण आणि वाटेवर दोन-तीन ठिकाणी एईडी, एवढी तयारी पुढच्या श्रावणापर्यंत होण्यासारखी आहे.